पाकिटावरची पाठमोरी

“आत्याबाई चार दिवस पाहिजेत,” लीलाक्कांच्या उंबऱ्यात उभी राहून मी म्हणाले. शेजारणीकडे पाटा-वरवंटा मागावा तसं.

लीलाक्का तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “माझ्याकडचे महिने चाललेत त्यांचे. दसऱ्याला पाळी बदलेल, तेव्हा ने.”

“दसऱ्याला येतीलच. मला आत्ता पाहिजेत. मुंबईला न्यायच्यात.”

“कशाला?”

“साक्षीला.”

“कुणाच्या विरुद्ध?”

“तुमच्या.”

भाकरी टम्म फुगली. लीलाक्कांनी ती टोपलीत टाकली, पदराला हात पुसले आणि चुलीवर आधण ठेवलं. “मग चहा घेऊन जा,” त्या म्हणाल्या.

गडहिंग्लजला आमची दोन घरं समोरासमोर आहेत. मधला रस्ता एवढाच, की एका घरात मिरचीची फोडणी पडली तर दुसऱ्या घरात ठसका लागतो. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भाऊजींनी, म्हणजे लीलाक्कांच्या नवऱ्यानं, शेत घेतलं. आमच्या ह्यांच्या वाट्याला शिकेकाईचं कांडप आलं. आत्याबाई, म्हणजे आमच्या दोघींच्या सासूबाई, सहा महिने त्या घरी आणि सहा महिने ह्या घरी अशा वाटल्या गेल्या. वाटून घेतलेल्या वस्तूंपैकी तक्रार न करणारी तेवढी एकच.

शिकेकाई मामंजींनी सुरू केलेली. आजऱ्याच्या जंगलातून शेंगा आणायच्या, रिठा, आवळा, नागरमोथा घालून कांडायच्या. पाकिटावर त्यांनी एक फोटो छापला: पाटावर पाठमोरी बसलेली बाई, जमिनीवर वेटोळं घातलेले मोकळे केस, आणि हातात फणी. बाईचं नाव नाही, तोंडही नाही. तेवढ्यावर माल खपला. बाजारच्या दिवशी बायका दुकानात येऊन नुसतं “पाठमोरी द्या” म्हणायच्या. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ते पाकीट जुनंच झालं होतं, आणि चित्र आत्याबाईंच्या तरुणपणातलं आहे हे गावातल्या पोराटोराला ठाऊक होतं.

मग परगावच्या कुणीतरी हेच चित्र उचललं. आत भुसा, वर आमची पाठमोरी. एक बाई माझ्या दारात येऊन डोकं दाखवून रडली, तेव्हा मी ठरवलं की चित्र सरकारात नोंदवायचं. नोंद झाली तर त्या भुसेवाल्याला रोखता येणार होतं. नाही झाली, तर माझ्या कांडपावरच्या बायकांनी कांडलेली शिकेकाई कोणती आणि भुसा कोणता, हे गिऱ्हाइकाला केस गळल्यावर कळणार होतं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं रद्दीतून, वाचनालयातून आणि लोकांना विचारून विचारून. ट्रेडमार्कचा कायदा मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. कोल्हापूरच्या वकिलांनी “तुम्ही कशाला त्रास घेता?” असं विचारलं, तेव्हाच ठरवलं की त्रास आपणच घ्यायचा. अर्ज मी भरला. चित्राच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, की चित्रातली व्यक्ती अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती गंगव्वा हत्तरगी.

अर्ज सरकारी पत्रिकेत छापून आला. कुणाची हरकत असेल तर सांगा, असा त्याचा अर्थ. हरकत आली ती समोरच्या घरातून. लीलाक्कांनी चक्क बेळगावचा वकील गाठून विरोध नोंदवला होता. त्या इंग्रजी कागदात चित्राबद्दलची माहिती खोटी आहे असं एक वाक्य होतं. मी शब्दकोशात सगळे शब्द पाहिले, पण त्या शब्दावर थांबले नाही. वकील लोक समोरच्याला खोटं म्हणतात ते आपण रामराम म्हणतो तसं, अशी माझी समजूत. गाव म्हणालं, थोरलीला धंद्यात वाटा पाहिजे. मलाही तसंच वाटलं. भांडण कागदावर होतं, त्यामुळे आमटीची वाटी इकडून तिकडे जायची थांबली नव्हती. फक्त आम्ही एकमेकींशी फार सभ्यपणानं बोलायला लागलो होतो.

लीलाक्कांनी डाव्या हातानं चहा गाळला आणि उजव्या हातानं कप पुढे केला. त्या जन्माच्या डावऱ्या. पण डाव्या हातानं वाढलेलं खाऊ नये म्हणून आत्याबाईंनी त्यांना नवी सून असतानाच वळण लावलेलं. वाढायला उजवा, बाकी सगळ्याला डावा.

“त्यांची गोळी सकाळी, खायच्या आधी,” लीलाक्का म्हणाल्या. “पाणी उकळून दे. मुंबईचं पाणी बाधतं.”

“देते.”

“आणि साक्षीत काय बोलायचं ते सांगितलंयस त्यांना?”

“सांगायचं काय त्यात? त्यांचंच चित्र आहे.”

लीलाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, नेहमीसारखा. “व्हय,” त्या म्हणाल्या. “त्यांचंच म्हणतात.”

एवढ्यात आत्याबाई आतून पिशवी घेऊनच आल्या. “मुंबईला जायचं म्हणतीस? समुद्र दिसतो काय गं त्या कचेरीतनं?”

“दाखवते की.”

“मग साक्ष देतो,” आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बाया बोलताना पुरुषासारखंच बोलतात. त्यात नवल नाही. “कुणाच्या बाजूनं द्यायची तेवढं आधी सांग.”

*

माझी तयारी पाहून आमचे हे म्हणायचे, की एवढ्या तयारीत शिवाजी महाराजांनी दोन किल्ले घेतले असते. मी म्हणायचे, त्यांना कचेरीत जायचं नव्हतं.

जुनी पाकिटं मी कपड्याच्या घडीसारखी लावली होती, सगळ्यात पिवळं सगळ्यात वर. संकेश्वर, निपाणी, आजऱ्याच्या दुकानदारांच्या चिठ्ठ्या घेतल्या. खोटं पाकीट वेगळ्या पिशवीत, त्याच्या भुशासकट. नेसायला इरकल. आणि कांडपावर रोज दुपारी रंगीत तालीम. साहेब व्हायची हौसा, आमच्यातली सगळ्यात तोंडाळ बाई. ती पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायची.

“नाव काय बाई तुमचं?”

“तुला माहीत नाही होय?”

“मी साहेब हाय. साहेबाला काय माहीत नसतंय.”

“महानंदा शिवानंद हत्तरगी.”

“हे चित्र कुणाचं?”

“माझ्या सासूबाईंचं.”

“कशावरनं?”

इथे मी जुनी पाकिटं पुढे करायची. पण हौसानं एका दुपारी पाकीट उलटसुलट केलं आणि मान हलवली. “ह्यात तोंड कुठाय? पाठ तर माझीबी अशीच दिसंल.”

“केस बघ की.”

“केस उसने आणता येत्यात. नाटकवाले आणत्यात. साहेब इचारणार बघा.” मग ती जोरात शिंकली. शिकेकाई कांडताना सगळेच शिंकतात. “साहेब शिंकला. काम तहकूब!”

बायका हसल्या, पण मला मुद्दा पटला. पाठीला पुरावा पाहिजे. विचार करता करता सुचलं, की आत्याबाईंना तशाच पाटावर, तशाच पाठमोऱ्या बसवायच्या, फणी हातात द्यायची आणि फोटो काढायचा. तेव्हाचा आणि आत्ताचा शेजारी शेजारी ठेवला, की मानेची ठेवण, खांद्याचा उतार, हाताची ढब, सगळं जुळेल. केस आता लिंबाएवढ्या अंबाड्यावर आले होते, त्याला इलाज नव्हता. पण बसणं म्हातारं होत नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ह्यांनी शाळेतून कॅमेरा मागून आणला. हे शाळेत कारकून. कॅमेरा, घंटा आणि कुलपं ह्यांच्याच ताब्यात. मागच्या पडवीत पाट मांडला. जुनं पाकीट मी भिंतीला टाचलं, म्हणजे पाहून पाहून बसवता येईल. आत्याबाईंचा अंबाडा सोडला. पांढरे केस मानेखाली चार बोटं जेमतेम उतरले.

“बसलो बघ,” आत्याबाई म्हणाल्या. “आता?”

“आता फणी घ्या आणि विंचरायला लागा. नेहमी विंचरता तशी.”

त्यांनी फणी घेतली आणि विंचरायला लागल्या. हे कॅमेऱ्यातून बघत होते, ते थांबले.

“हात चुकला,” हे म्हणाले.

“कुठला हात?”

“चित्रात फणी डाव्या हातात आहे. आई उजव्यात धरून बसलीय.”

मी पाकिटाकडे पाहिलं. एवढी वर्षं ते पाकीट मी हजारांनी भरलं, चिकटवलं, मोजलं. तो हात मला कधी दिसला नव्हता. बघायचे ते केस.

“आत्याबाई, फणी डाव्या हातात घ्या जरा.”

घेतली. फणी पहिल्यांदा कानात गेली, मग मानेवर ओरखडा उठला, मग खाली पडली. “मला न्हाई बाई जमत. डाव्या हातानं मी काय बी करत न्हाई.”

“अगं, छापताना चित्र उलटं झालं असणार,” हे म्हणाले. “छापखान्यात होतं तसं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं.”

मला ते पटायला पाहिजे होतं. मी पाकीट भिंतीवरून काढून उजेडात धरलं. चित्रातल्या बाईच्या समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. बारीक, पण आकडे वाचता येतात. सरळ वाचता येतात. चित्र उलटं असतं तर आकडेही उलटे झाले असते.

आत्याबाई पाठमोऱ्याच बसून होत्या. कॅमेऱ्याची वाट बघत असतील, किंवा माझी.

“अहो,” मी ह्यांना म्हणाले, “जरा दूध घेऊन येता?”

“दूध आहे की घरात.”

“संपलंय.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि कॅमेरा ठेवून दुधाला गेले. चांगला माणूस आहे. कधी जायचं ते कळतं.

मी पाटाच्या पुढे जाऊन बसले. “आत्याबाई, हे कुणाचं चित्र?”

“तूच तर सांगतीस माझं म्हणून.”

“मी तुम्हांला विचारतेय.”

“आज इचारलंस.” आत्याबाईंनी फणी मांडीवर ठेवली. “घरात आल्यापासनं तू मला सांगतीस, आत्याबाई, हे तुमचं चित्र. गावबी सांगतंय. मी म्हटलं, असंल.”

“लीलाक्कांचं?”

“तर! नवी नवी आली तवा. एवढे केस.” त्यांनी हात पार जमिनीला टेकवला. “न्हाऊन पडवीत बसली की उंबऱ्यापत्तोर यायचे. तुझ्या मामंजींनी फोटोवाला आणला. फोटो झाला, पाकिटं छापली, आणि मग ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. सुनेचा फोटो दुकानात टांगायचा? कुणीबी हातात घेणार, बाप्ये कायबाय बोलणार. छापलेलं फेकवंना. मग म्हणाले, बायकोचा म्हणून सांगू. बायको म्हातारी हाय, तिला कोण काय बोलतंय!” त्या हसल्या. “मी चाळिशीत होतो तवा. म्हातारी म्हणाले.”

“आणि अक्का?”

“तिला गळ्यातल्या लिंगाची आण घातली. ह्या गावात, ह्या घरात, कुणाफुडं हे बोलायचं न्हाई. तिनं हात लावून आण घेतली. आजपत्तोर पाळली बघ.”

“तुम्हांला?”

“मला कशाची आण? मला कोण इचारणार, हेच त्यास्नी वाटलं न्हाई. आणि खरं झालं की त्यांचं.”

त्या केसांचं पुढे काय झालं, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझी सुवर्णा आठव्या महिन्यात झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली होती. डॉक्टर बोलायचे कमी आणि मान हलवायचे जास्त. तेव्हा लीलाक्कांनी कुणाला न विचारता बालाजीला नवस बोलला. आमच्यात तिरुपतीला जायची रीत नाही. आमचा देव गळ्यात असतो. पण त्या म्हणाल्या, आपला देव ऐकतोय की नाही कळेना, दुसऱ्याला सांगून बघू. पोर घरी आली आणि लीलाक्का तिरुपतीला जाऊन आल्या. आल्या त्या पदर कपाळापर्यंत ओढून. पुढे केस आले, पण ते तसे आले नाहीत. पदर मात्र तिथंच राहिला. मी पाया पडले होते, रडले होते, जन्मभर विसरणार नाही म्हणाले होते. सुवर्णा आता मिरजेला नर्सिंग शिकत होती, आणि मी तिच्या मोठ्या आईच्या पाठीवर सरकारी कागदात सासूचं नाव लिहून बसले होते.

“मग त्यांनी विरोध कशाला केला?” मी विचारलं. “वाटा पाहिजे म्हणून नाही?”

आत्याबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “कायद्याचं बुक वाचतीस म्हणं तू. ह्या गावात न्हाई बोलायचं, अशी आण हाय. मग दुसऱ्या गावात जाऊन बोलाय नको?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रस्ता ओलांडला. लीलाक्का सुपात ज्वारी पाखडत होत्या. भाऊजी ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर जरा वर उचलला. घरातल्या बायकांच्या गोष्टींसाठी त्यांचं तेवढं दार होतं.

“अक्का, एक विचारू?”

“घरातलं असलं तर विचार. मुंबईचं असलं तर मुंबईत.”

“मुंबईचंच आहे.”

“मग मुंबईत.” सूप चालूच राहिलं.

मी खाली बसले. माझ्या बटव्यात पाकीट होतं. ते काढून मी त्यांच्यासमोर ठेवलं आणि चित्रातल्या फणीवर बोट टेकवलं. बोलले काहीच नाही. आण त्यांना होती, पण ती आपणही पाळावी असं त्या क्षणी वाटलं.

सूप थांबलं. लीलाक्कांनी पाकिटाकडे पाहिलं नाही, माझ्या बोटाकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. सूप उजव्या हातात तोललं होतं आणि डावा हात ज्वारीतले खडे वेचत होता. त्यांनी तो हात हळूच पदराखाली घेतला.

“तुझ्या अर्जाचं काय होईल?” त्यांनी विचारलं.

“लिहिलेलं चुकलं म्हणून सांगायचं. दुरुस्ती मागायची. कायद्यात आहे तसं. चित्रातलं माणूस जिवंत असलं तर त्या माणसाची लेखी संमती लागते. माणूस कोण ते तिथं जाऊन कळेल.”

“आणि फेटाळला तर?”

“तर पुन्हा भरायचा. ह्या वेळी बरोबर.”

“आणि तो भुसेवाला?”

“तो कुठं पळत नाही. भुशाला पाय नसतात.”

लीलाक्का पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यात मी म्हणाले, “मग वेगवेगळं कशाला जायचं? तुमचं तिकीट मी काढते.”

“माझं मी काढलंय. बसवाल्यानं आडनाव बघितलं आणि म्हणाला, एकाच घरच्या दिसताय. तुझ्या शेजारचीच शीट दिलीय त्यानं.” मग जरा थांबून, “खिडकी माझी. मला गाडी लागते.”

“विरोधकाला खिडकी द्यायची असं कुठल्या कायद्यात आहे?”

“थोरल्या जावेला द्यायची असं आहे. बुकात बघ.”

पेपरमागून भाऊजी खाकरले. खाकरणं म्हणावं की हसणं, हे आमच्या घरात कधी ठरलं नाही.

आत्याबाईंना आता न्यायची गरज नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. “माझं चित्र न्हाई, हे सांगाय तरी कोण पाहिजे का नको? आणि समुद्र?”

*

कचेरीत एका लांब बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. मधे आत्याबाई, एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला विरोधक. लीलाक्कांनी पहाटेच डबा उघडून धपाटे वाटले होते. त्यांचा एक तुकडा अजून माझ्या रुमालात होता. आमच्या पुढच्या नंबराचे दोन पक्ष एकमेकांकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या वकिलांनी आमच्याकडे संशयानं पाहिलं.

साहेब म्हणजे एक बाई निघाल्या, माझ्याहून तरुण, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. हौसानं मला ह्यासाठी तयार केलं नव्हतं. तालमीत पाठ केलेलं “नमस्कार साहेब” माझ्या तोंडात अर्धंच राहिलं.

“अर्जदार कोण?”

“मी. महानंदा हत्तरगी.”

“वकील?”

“मीच.”

“विरोधक?”

“मी,” लीलाक्का म्हणाल्या. “माझा वकील बेळगावला आहे. त्याला येऊ नको म्हटलं. माझं एकच वाक्य आहे.”

“आणि ह्या आजी?”

“मी पाकिटावरची न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी उभी राहिले. चूक कबूल करायला फार आवाज लागतच नाही. “मॅडम, अर्जात मी लिहिलंय की चित्र माझ्या सासूबाईंचं आहे. ते चुकीचं आहे. माझं अज्ञान होतं. बाकी सगळं खरं आहे: चित्र आमचं, माल आमचा, वापर जुना, ही पाकिटं, ह्या दुकानदारांच्या चिठ्ठ्या, आणि हा भुसा. चित्रातल्या बाईंचं नाव दुरुस्त करून मिळावं, आणि त्यांची संमती घ्यायची मुभा मिळावी.”

“चित्रातल्या बाई कोण?”

मी लीलाक्कांकडे पाहिलं. ते वाक्य माझं नव्हतं.

लीलाक्का उठल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकीतून बाहेर पाहिलं. “मॅडम, ही मुंबई ना?”

“हो.”

“गडहिंग्लजची हद्द इथवर येत नाही ना?”

बाई गोंधळल्या. “नाही येत.”

“मग सांगते.” त्यांचा आवाज स्वयंपाकघरात असतो तेवढाच होता. “चित्रातली बाई मी. शिवलीला हत्तरगी. मला वाटा नको, पैसा नको. पाकिटावर कुणाचंच नाव नव्हतं तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. लोक सासूबाईंचं म्हणायचे, म्हणू दे. पण सरकारात दुसऱ्याचं नाव लागलं, तर ते कायमचं लागतं. ते केस एकदा मी दिलेत, देवाला, माझ्या मनानं, आमच्या पोरीसाठी. दुसऱ्यांदा मला न विचारता कुणी नेऊ नयेत. एवढाच विरोध.”

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी समोरच्या फायलीत पाहिलं, मग आमच्याकडे. “म्हणजे तुम्ही विरोध मागे घेताय?”

“नाव बरोबर लिहा. मग कशाला विरोध?”

“तुमची आहे संमती, चित्र वापरायला?”

“हिनं विचारलं तर आहे.”

सगळ्यांसमोर, मुंबईत, मी थोरल्या जावेला विचारलं. “अक्का, तुमचं चित्र आमच्या पाकिटावर वापरू?”

“वापर,” लीलाक्का म्हणाल्या. “पण शिकेकाईत आवळा कमी पडतोय अलीकडं. तेवढा वाढव.”

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते चष्मा पुसण्यात घालवलं. मग त्यांनी सांगितलं, दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्यावा लागेल, विरोध मागे घेतल्याचं लेखी लागेल, संमतीचं लेखी लागेल, मग त्या विचार करतील. ह्यातलं काही माझ्याकडे छापील नव्हतं. पण कोरे कागद मी भरपूर आणले होते. त्याच टेबलाच्या कडेला उभी राहून मी संमतीपत्र लिहिलं, मराठीत, जसं सुचलं तसं, आणि लीलाक्कांपुढे सरकवलं.

त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं. परक्यांसमोर त्या तसंच करतात. कागदावर टेकवलं, आणि थांबल्या. मग पेन डाव्या हातात घेतलं आणि सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, सही केली.

बाई ती सही बघत होत्या. त्यांची नजर कागदावरून हातावर गेली, हातावरून फायलीतल्या पाकिटावर गेली आणि तिथल्या फणीवर थांबली. फायलीवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि त्याखाली ठळक रेघ ओढली.

नोंदीचा कागद पुढे बऱ्याच महिन्यांनी आला, आणि भुसेवाल्यानं चित्र बदललं. आता त्याच्या पाकिटावर मोर आहे. पण ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्ही कचेरीच्या पायऱ्या उतरलो. लीलाक्का पुढे, मी आत्याबाईंचा हात धरून मागे.

“झालं?” आत्याबाईंनी विचारलं.

“झालं.”

“म्हणजे पाकिटावर आता मी न्हाई?”

“नाही.”

“बरं झालं बाई,” आत्याबाई कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या. “एवढी वर्सं पाठ करून बसलो होतो, अवघडलो होतो. आता तोंड फिरवून तुझा समुद्र दाखव.”